भिंतीतलं मीठ

वामनराव पिंपळशेंडे गेले त्या दुपारी त्यांच्या खोलीत नक्की कोण होतं, हा प्रश्न सगळ्यांत आधी त्यांच्या मुलीनं, वैजयंतीनं विचारला. बाबांना अजून अंगणात आणलंही नव्हतं.

"तुम्ही कुठं होतात, सिस्टर?"

"त्यांच्याजवळच होते," सगुणा म्हणाली. ती वैजयंतीच्या भावाची, प्रफुलची, दुसरी बायको. नात्यानं वहिनी. पण ह्या घरात ती पहिल्यांदा आली ती आरोग्य खात्याकडून, बाबांची नर्स म्हणून, आणि वैजयंतीच्या तोंडी 'सिस्टर' बसलं ते बसलंच.

"पूर्ण दुपार?"

"हो."

सगुणाचे केस ओले होते. पदराच्या टोकातून अजून पाणी ठिबकत होतं. वैजयंतीनं ते पाहिलं, आणि त्या घटकेला तिच्या मनात जे शिरलं ते पुढे कित्येक आठवडे निघालं नाही.

चंद्रपूरला आता उन्हाळा फेब्रुवारीतच लागायचा. मे महिन्यात पारा पन्नाशीला टेकला तरी वर्तमानपत्रं ती बातमी आतल्या पानावर टाकत. दुपारी बाराला भोंगा वाजे आणि दुपारबंदी सुरू होई. मग पाचपर्यंत रस्त्यावर कुणी दिसलं की दंड. वीजही नेमकी दुपारीच जायची, कारण दुपारीच ती सगळ्यांना हवी असायची. अशा गावात माणसं तगून राहिली ती गारभिंतीच्या जिवावर, आणि वैजयंती ह्या गारभिंती बसवण्याचंच काम करत होती.

गारभिंत म्हणजे फार काही गूढ नव्हतं. राजस्थानातली खारी तळी आटत जातात तेव्हा त्यांतले क्षार एकदम खाली बसत नाहीत. आधी चुना बसतो, मग जिप्सम, मग आपलं खायचं मीठ. आणि काही तळ्यांत, थंडी पडली की, मिराबिलाइट. दिसायला बर्फाच्या कांड्यांसारखं. सोडियम सल्फेटचा प्रत्येक रेणू आपल्याभोवती पाण्याचे दहा रेणू धरून बसलेला असतो. पारा बत्तीस अंशांच्या जरा वर गेला की हा स्फटिक ते पाणी सोडतो आणि स्वतःच्याच पाण्यात वितळतो. वितळताना आजूबाजूची उष्णता घटाघटा पितो. दिवसभर हे चालतं. रात्री हवा निवली की तो पुन्हा गोठतो आणि प्यालेली उष्णता बाहेर टाकतो. जुन्या मिठाच्या थरांखाली मिराबिलाइटचा मोठा साठा सापडला, तो चपट्या पॅनेलमध्ये भरून भिंतींना लावायची युक्ती निघाली, आणि विजेवाचून खोली गार राहू लागली.

ह्या मिठाला एक खोड मात्र होती. वितळताना ते सगळंच्या सगळं विरघळत नाही. थोडं कोरडंच राहतं, बारीक वाळूसारखं तळाशी जातं, आणि रात्री गोठायची वेळ येते तेव्हा पाणी वर आणि ते खाली, अशी त्यांची चुकामूक होते. अशी भिंत दोनेक उन्हाळ्यांत निकामी व्हायची. म्हणून कारखान्यानं त्यात डिंकासारखी घट्ट लापशी मिसळली. कण जिथल्या तिथे अडकून राहिले, पाणी जागेवरच त्यांना भेटू लागलं, भिंती टिकू लागल्या. बहुतेक कण पुन्हा स्फटिकात जात. थोडे राहून जात. त्या राहिलेल्या कणांनीच पुढचा सगळा घोळ घातला.

कारण माणसाची कातडी असते तेहतीस-चौतीस अंशांची. म्हणजे भिंतीला पाठ टेकून कुणी बसलं की तेवढ्या जागेत मीठ लवकर वितळतं आणि दाट कण मागे ठेवतं. शिवाय वितळण्याची हद्द सकाळपासून भिंतीत आत आत सरकत जाते. कण किती आत आहेत त्यावरून वेळ कळते आणि त्यांच्या आकारावरून कुणाची पाठ ते. पॅनेल कुठं झिजलं ते तपासायला जे ध्वनिलहरींचं यंत्र आणलं होतं, त्याच्या पडद्यावर एकदा चक्क मांडी घालून बसलेल्या माणसाची आकृती उमटली. लोक त्याला भिंतीची सोनोग्राफी म्हणू लागले. आठवडाभरातल्या कुठल्याही दुपारी, कुठल्या वेळी, कोण टेकून बसलं होतं हे भिंत सांगू लागली. वैजयंतीचे साहेब गिरीश मांडवकर धोरणी माणूस. त्यांनी 'भिंतवाचन' अशी पाटी लावली आणि गिऱ्हाइकांची रीघ लागली.

नवरे आले, बायका आल्या, सासवा आल्या. एका गोदामाच्या मालकानं चौकीदाराची केबिन वाचून घेतली. भिंतीत दुपारचं कुणीच नव्हतं; चौकीदाराला त्याच दिवशी घरी बसवलं. तो वैजयंतीसमोर रडला होता, "मॅडम, देवाशपथ, मी तिथंच होतो." वैजयंतीला त्याची दया आली होती. पण विश्वास तिनं भिंतीवर ठेवला होता.

बाबांच्या घरची भिंतही तिनंच बसवली होती.

तिसऱ्या दिवशी राख सावडून आल्यावर शेजारच्या पार्बताबाईंनी तिला कुंपणापाशी बोलावलं. "तुले म्हणून सांगतो वैजू. मी खिडकीतून पायलं. म्हातारा आत कण्हून राहिला होता, अन् ते नर्सबाई अंगणातल्या नळाखाली बसून आंग भिजवून राहिली होती. एकदा नाही वं माय, तीनचारदा."

वैजयंती घरात आली. सगुणा स्वयंपाकघरात भात उपसत होती. किती शांतपणे उपसते आहे, असं वैजयंतीला वाटलं. डोळे कोरडे. बाबांना गेली तीन वर्षं काही आठवत नव्हतं. ते मुलीला बहीण म्हणत, बहिणीला मावशी म्हणत. कपडे खराब करत, ताट भिरकावत. अशा माणसाचा कंटाळा कुणाला येणार नाही? पगारी नर्स असताना आठ तासांनी सुटका तरी होती. सून झाल्यावर तीही गेली. वैजयंतीनं हे सगळं एकेक करून जुळवलं, आणि जुळत गेलं तसं तिला आत कुठंतरी बरं वाटत गेलं. त्या बरं वाटण्याकडे मात्र तिनं पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती यंत्र घेऊन आली. प्रफुल दारात आडवा झाला. "काय करून राहिली तू हे? सुतक तरी फिटू दे."

"सुतक फिटेपर्यंत भिंत पुसली जाईल, दादा. सिस्टर खरं बोलत असतील तर भिंतीत दिसतीलच की."

सगुणा मागे उभी होती. ती म्हणाली, "लावू द्या त्यांना."

बाबांची बसायची जागा ठरलेली होती, पलंगाच्या उशाशी, भिंतीला पाठ लावून. वैजयंतीनं यंत्राचा चपटा ठोकळा त्या पॅनेलवरून हळूहळू फिरवला. पडद्यावर आधी धूसर करडं काही आलं. ती खोलीच्या हवेनं वितळलेली भिंत. मग दाट पांढरी आकृती आली. वाकलेली पाठ, उजवा खांदा खाली गेलेला. बाबाच. तिनं ठोकळा पुढे सरकवला. आकृतीमधून एक तिरपा काळा पट्टा जात होता, जणू कुणी बाबांच्या पाठीवर रेघ ओढली असावी. लापशी नीट मिसळली नसली की असे डाग राहतात. बाजूला आणखी एक मोठी काळी जागा होती. तिथे वितळण्याची खूणच नव्हती. गुंडाळलेली गादी तिथे उभी करत असत, हे तिला ठाऊक होतं.

दुसरी पाठ कुठंच नव्हती.

"पूर्ण दुपार," वैजयंती म्हणाली. "पूर्ण दुपार बाबा एकटे होते."

सगुणा काहीतरी बोलली. ओल्या लुगड्याचं काहीतरी. तोपर्यंत प्रफुलनं पडदा स्वतःकडे वळवला होता, आणि वैजयंती भावाचा चेहरा पाहत होती.

तक्रार वैजयंतीनंच दिली. फौजदार बुरडकर तिशीतले, नव्या गोष्टींची हौस असलेले. त्यांनी पॅनेल काढून सीलबंद केलं आणि निष्काळजीपणानं मृत्यू असा गुन्हा नोंदवला. सगुणा अजून आरोग्य खात्याच्या नोकरीत होती; खात्यानं तिला निलंबित केलं. ती आपली ट्रंक घेऊन एटापल्लीकडच्या आपल्या गावी निघून गेली. भिंतीची साक्ष पोलिसांनी मानली, ही बातमी छापून आली तेव्हा मांडवकरांनी पेढे वाटले.

गावात मात्र वेगळंच काही सुरू झालं. वैजयंती ज्या घरी जाई तिथे माणसं खोलीच्या मधोमध खुर्च्या टाकून बसलेली असत. भिंतीला कुणी टेकत नसे. काहींनी भिंतींवर गोधड्या टांगल्या, काहींनी थर्माकोल ठोकला. गारभिंत झाकली की ती उष्णता पीत नाही, हे तिनं परोपरीनं सांगितलं. एक बाई म्हणाली, "गरमीनं मेली तर मेली. पण माह्या घरात कोण कवा बसलं ते जगाले काऊन दिसावं?" त्या महिन्यात उष्माघाताचे रोगी दवाखान्यांत वाढत गेले.

जूनच्या सुरुवातीला एके सकाळी मांडवकरांनी नागपूरच्या एका विमा कंपनीच्या माणसांना बोलावलं. आदल्या दुपारी वीज गेली होती आणि कार्यशाळेत बसवत नव्हतं. वैजयंतीनं ओढणी बादलीत बुडवून अंगभर गुंडाळली होती, आणि नमुन्याच्या भिंतीला टेकून ती पाचच्या भोंग्यापर्यंत हिशेब तपासत बसली होती. मांडवकरांना ते माहीत होतं.

"आता गंमत पाहा," ते पाहुण्यांना म्हणाले. "ह्या आमच्या मॅडम. काल दुपारभर ह्या इथंच बसून होत्या, मी साक्षीदार. भिंत काय म्हणते ते ऐकू या."

वैजयंतीनं ठोकळा फिरवला. पडद्यावर करडा रंग पसरला. मग मधोमध काळी जागा आली. पाठ नाही, खांदा नाही, काही नाही.

"मॅडम तर गायब!" पाहुण्यांपैकी एक जण हसला. मांडवकरही हसले, यंत्राला टपली मारली आणि केबल तपासू लागले.

वैजयंतीला हसू आलं नाही. ती त्या काळ्या जागेकडे पाहत होती. वर निमुळती, खाली रुंद, एका बाजूला कोपराचा कोन. ओलं कापड वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातं. विदर्भाच्या कोरड्या हवेत तर ते माठासारखं गार होतं, पंचवीस-सव्वीस अंशांपर्यंत. तिची पाठ टेकली होती तेवढीच भिंत दुपारभर वितळली नव्हती. बाकी सगळीकडे खोलीच्या हवेनं मीठ पाणी झालं, आणि ती होती तिथं ते तसंच घट्ट राहिलं. यंत्राला शिकवलं होतं ते वितळलेलं शोधायला. न वितळलेल्या जागेला ते रिकामं म्हणत होतं, आणि तीही तेच म्हणत आली होती.

पाहुणे चहाला गेले तशी तिनं बाबांच्या भिंतीचं वाचन पुन्हा उघडलं.

गादीची म्हणून सोडून दिलेली ती काळी जागा गादीची नव्हती. गादीला खांदा नसतो. कुणीतरी बाबांना खेटून बसलं होतं, नखशिखान्त भिजून. आणि बाबांच्या पाठीवरचा तो तिरपा पट्टा त्या खांद्यापासूनच निघत होता, पाठीमागून जाऊन पलीकडच्या दंडावर संपत होता. टोकाला पट्टा पाच जागी फुटला होता. बोटं. सगुणानं त्यांना हातानं वेढून धरलं होतं, बाबा आणि भिंत यांच्या मध्ये आपला ओला हात घालून.

बाबा अंगावर ओलं फडकं टिकू देत नसत, हे वैजयंतीला माहीत होतं. किंचाळत, फेकून देत. माणसाचा हात मात्र चालायचा. म्हणून ती नळाखाली जाऊन स्वतः भिजून येत होती. तीनचारदा.

त्याबरोबर तिला आणखी एक आठवलं, किंवा इतके दिवस न आठवायला जी मेहनत ती घेत होती ती त्या घटकेला संपली. बाबा गेले त्या आठवड्यात सगुणाचा फोन आला होता. "वैजूताई, भिंत सकाळीही कोमटच लागते. कूलरचं काही पाहता का?" रात्री पारा बत्तिसाच्या खाली जेमतेम उतरत होता, मीठ पुरतं गोठतच नव्हतं, भिंत अर्ध्या भरल्या पोटी दुसऱ्या दिवसाला सामोरी जात होती. हे वैजयंतीला कळायला हवं होतं. ती म्हणाली होती, "सिस्टर, नुसता हात लावून भिंतीचं काही कळत नसतं."

बुरडकरांनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि पेन खाली ठेवलं. "मॅडम, तुम्हीच तर हे लावून धरलं होतं."

"म्हणूनच मी आले. जबाब लिहून घ्या."

मांडवकर चिडले नाहीत. त्यांनी दार लोटून घेतलं आणि समजुतीनं बोलले. "वडिलांच्या केसपुरतं लिहा ना तुम्ही. अपवाद म्हणा. सगळ्याच वाचनांवर कशाला बोट ठेवता?"

"उन्हाळ्यात चंद्रपुरात ओला दुपट्टा अंगावर नाही असा माणूस दाखवा, सर. त्या चौकीदाराच्या खांद्यावरही असणार."

"तो चौकीदार गेला आता. कुठं हैदराबादला गेला म्हणतात."

"मग हैदराबादला पत्ता काढू."

मांडवकरांनी पत्ता काढला नाही. वैजयंतीला कामावरून काढलं. तिनं आपलं म्हणणं वर्तमानपत्रांना दिलं. एकानं ते छापलं, तेही वडिलांच्या मृत्यूनं मनावर परिणाम झालेली कर्मचारी अशा शब्दांत. भिंतवाचन बंद झालं नाही. मांडवकरांच्या दोन स्पर्धकांनी यंत्रं मागवली होती आणि ती आता न वितळलेलंही वाचत.

एटापल्लीच्या पुढे बस संपते तिथून वैजयंती चालत गेली. दवाखाना म्हणजे दोन खोल्या आणि पुढे पडवी. भिंती मातीच्या, जाड, शेणानं सारवलेल्या. सगुणा पडवीत लहान पोरांना लस टोचत होती. तिनं वैजयंतीकडे पाहिलं, बाकाकडे बोट दाखवलं आणि शेवटचं पोर रडून गप्प होईपर्यंत दुसऱ्यांदा पाहिलं नाही.

"केस मागे घेतली," वैजयंती म्हणाली.

"कळलं. बुरडकर साहेबांचा फोन आला होता. निलंबनही उठलं, म्हणून तर इथं बसले."

"चूक माझी झाली. मशीन..."

"मशीनचं नका सांगू." सगुणा सुया डब्यात टाकत होती. "संशय तुम्ही घरूनच घेऊन आला होता, वैजूताई. मशीन नंतर आली."

 वैजयंती म्हणाली, "दादा वाट पाहतोय. जेवत नाही धड."

"तुमचं मला नवल नाही वाटलं. तुम्ही मला घरातली कधी मानलंच नाही, तुम्ही तपासणारच होतात. पण त्यांनी?" सगुणाचे हात थांबले. "एका ताटात जेवलो आम्ही. मी त्यांना सांगितलं ओल्या लुगड्याचं, हाताचं, सगळं. पोलिसांनाही सांगितलं, त्यांनी लिहून नाही घेतलं. अन् हे मला काय म्हणाले, ठाऊक आहे? म्हणाले, मग भिंतीत काऊन नाही दिसत तू?"

पडवीबाहेर कोंबड्या सावलीच्या कडेकडेनं फिरत होत्या. सगुणानं आतून तांब्याभर पाणी आणून वैजयंतीपुढे ठेवलं आणि स्वतः उभीच राहिली.

"किती जण येऊन गेले," ती म्हणाली. "मी कुठं होते, किती वाजता होते, नळावर किती वेळ होते. बाबा शेवटी काय बोलले, हे एकानंही विचारलं नाही. तुम्हीपण नाही."

वैजयंतीच्या हातातला तांब्या तसाच राहिला. "काय बोलले?"

"म्हणाले, दार लोटून घे, ऊन आत येऊन राहिलं."

"कुणाला?" तिनं विचारलं, आणि स्वतःचा आवाज तिला ऐकू आला. बाबा गेले त्या दुपारी सगुणाला जाब विचारताना होता तोच.

सगुणानं तो ओळखला असावा. तरी तिनं उत्तर दिलं. "नाही माहीत. तुमची आई असेल मनात. तुम्ही असाल, मी असेन. दार लावलेलंच होतं. पण ऐकेनात, म्हणून मी उठले, उघडलं अन् पुन्हा लोटलं. तेव्हा बरं वाटलं त्यांना. मग येऊन पुन्हा हात पाठीमागे घातला. नंतर नाही बोलले काही."

वैजयंतीचे डोळे भरून आले, आणि त्याच वेळी तिचं डोकं सवयीनं चालू लागलं. दार उघडलं म्हणजे बाहेरची गरम झुळूक आत आली असणार. हात तेवढा वेळ काढला होता म्हणजे त्या पट्ट्यात, ठरावीक इतकं आत, कणांची एक बारीक पांढरी रेघ पडली असणार. पॅनेल अजून पोलिसांकडे सीलबंद होतं, थंड जागेत, जसंच्या तसं. केस संपली होती. ते आता तिलाच परत मिळणार होतं. रेघ असली तर हे खरं. नसली तर...

तिनं वर पाहिलं. सगुणा तिच्याकडेच पाहत होती.

"तपासता येईल ना ते?" सगुणानं हळूच विचारलं.

खोटं बोलायला जीभ वळली असती. "येईल," वैजयंती म्हणाली.

"मग?"

"नाही तपासणार."

सगुणानं ह्यावर विश्वास ठेवला की नाही, हे तिच्या चेहऱ्यावरून काही केल्या कळेना. तिनं वैजयंतीच्या हातातला तांब्या घेतला, मातीच्या भिंतीपाशी उकिडव्या बसलेल्या म्हाताऱ्याला नावानं हाक मारली, आणि त्याला आधार देत आत घेऊन गेली.